एचएमव्ही १०२ पोर्टेबल ग्रामोफोन : दीड वर्ष वापरून मग लिहितोय

आधीच सांगून टाकतो, चावीचा ग्रामोफोन घ्यायचं मनात असेल आणि एकच घेणार असाल तर एचएमव्हीचा १०२ नंबरचा पोर्टेबल घ्या, पितळी कर्ण्याच्या मागे लागू नका. माझ्याकडे हा दीड वर्ष आहे, रोज नाही पण आठवड्यातून दोनतीनदा तरी लागतो, स्प्रिंग एकदा उघडून झाली, साउंडबॉक्सचं (पिन धरणारा आणि आवाज काढणारा गोल डबा) रबर बदलून झालं, पिनांच्या कितीतरी डब्या संपल्या, त्यामुळे आता चार गोष्टी सांगायला हरकत नाही. आणि ज्या कंपनीने हा बनवला तिच्याबद्दलही सांगणार आहे, कारण ती माहिती नसेल तर या पेटीतली अर्धी गंमत कळतच नाही.

मुळात मला ग्रामोफोनची हौस वगैरे नव्हती. मिरजेला आजीच्या कपाटात सव्वीस तबकड्या होत्या, जाड, जड, खाकी कागदाच्या पाकिटात, पाकिटांच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. वाजवायचा फोनो आमच्या जन्माच्या आधीच कुणीतरी नेला होता तो परत आलाच नाही, म्हणजे लहानपणी आम्ही त्या फक्त बघितल्या, ऐकल्या कधीच नाहीत. लेबलवर एचएमव्हीचा कुत्रा म्हणून आजी त्यांना कुत्र्याच्या रेकॉर्डी म्हणायची. दिवाळीच्या साफसफाईला त्या बाहेर काढायची, ओल्या फडक्याने पुसायची, एकेक हातात धरून यात अमक्याचं पद आहे यात तमक्याचं असं सांगायची आणि परत ठेवून द्यायची. ती गेल्यावर बाबांनी विचारलं तुला काय पाहिजे, मी म्हणलं तबकड्या. बाबा म्हणाले, "अरे त्या लंडनला नेऊन करणार काय, वाजवायला काय आहे तुझ्याकडे?"

खरंच काही नव्हतं. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, हल्लीच्या पुष्कळ रेकॉर्ड प्लेयरवर ७८ चा स्पीडच नसतो, आणि असला तरी त्याची सुई एलपीच्या बारीक खाचेसाठी असते, ७८ च्या रुंद खाचेत ती नुसती तळाशी घासत जाते आणि खरखर ऐकू येते. मग बाबांनीच मला खूष करायला म्हणून एका बाजारातून मोठा पितळी कर्णा असलेला, समोर कुत्र्याची पट्टी ठोकलेला ग्रामोफोन आणला. दुकानाचं नाव काढत नाही. दिसायला इतका सुंदर की घरातले सगळे भोवती जमले. दोन तबकड्या वाजवल्या आणि तिसरीला माझ्या लक्षात आलं की पहिल्या दोन्हींवर पांढुरके चरे उठलेत. हाताचा कोन चुकीचा, साउंडबॉक्स तिरका, कर्णा जिथे हाताला जोडलाय तिथून हवा गळतेय, आणि पेटी म्हणजे प्लायवूडवर व्हिनियर. असे खोटे ग्रामोफोन आपल्याकडे गेली कित्येक वर्षं बनतायत आणि इकडे इंग्लंडमध्येही येऊन पडलेत, खऱ्याचा अनुभव नसेल तर फसायला होतंच.

पण त्या डब्यात एक गोष्ट खरी निघाली. पेटीचा तळ उघडून बघितला तर आतली मोटर जुनी, दणकट, चावी दिली की एकही आवाज न करता फिरणारी. माहितगारांना फोटो दाखवल्यावर कळलं की ती एचएमव्हीच्या पोर्टेबलची आहे, म्हणजे कुणीतरी एक चांगला चालणारा पोर्टेबल मोडून त्याची मोटर या खोट्या पेटीत घातली होती. मला ते फार लागलं. ज्या मशीनची मोटर इतक्या वर्षांनी अशी फिरते ते मशीन पूर्ण कसं असेल हा विचार तेव्हापासून डोक्यात बसला.

इकडे परत आल्यावर सहा महिने शोधून एका गावातल्या लिलावात १०२ मिळाला, १६५ पौंडांना. काळा आहे, लाल, निळे, हिरवे, करड्या रंगाचेही आले होते पण त्यांची किंमत जास्त लागते आणि वाजतात सगळे सारखेच. बंद केला की जाडजूड छोट्या सुटकेससारखा दिसतो, वर मूठ, पुढे खटके. झाकण उघडलं की आत तबकड्या ठेवायचा ट्रे, कोपऱ्यात बाहेर फिरणारी पिनांची वाटी, चावी क्लिपमध्ये अडकवलेली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तो कुत्रा. कर्णा नाही असं वाटतं, पण आहे, पेटीच्या आत घडी घातल्यासारखा वळवून बसवलाय, त्याचं तोंड मागच्या बाजूला झाकणाखाली उघडतं आणि उघडं झाकणच आवाज पुढे फेकतं. म्हणून झाकण पूर्ण उघडं ठेवूनच वाजवायचा, काही लोक धूळ नको म्हणून अर्धं मिटतात ते चूक आहे.

पट्टीवर लिहिलंय द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड, हेस, मिडलसेक्स. मी राहतो साउथॉलला. हेस हे माझ्या पुढचं स्टेशन. सहा वर्षं मी तिथून रोज ट्रेनने जातोय आणि आजीच्या कुत्र्याच्या रेकॉर्डींचं माहेर एका स्टेशनवर आहे हे मला माहितीच नव्हतं!

तर ही कंपनी. १८९८ साली लंडनमध्ये सुरू झाली, विल्यम बॅरी ओवेन हा अमेरिकेहून आलेला माणूस आणि ट्रेव्हर विल्यम्स हा इथला वकील या दोघांनी एमिल बर्लिनरच्या चपट्या तबकडीचे हक्क घेऊन. एडिसनचं मशीन नळकांड्यावर चालायचं, बर्लिनरचं तबकडीवर, आणि तबकडीचा मोठा फायदा म्हणजे एका साच्यातून हजारो छापता येतात. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. रेकॉर्डिंग करायला बर्लिनरने फ्रेड गाइसबर्ग नावाचा तरुण पाठवला, आणि या माणसाने जे केलं ते वाचताना मी थक्क होतो, १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलात कारूसो या इटालियन गायकाची दहा गाणी घेतली, शंभर पौंडांना, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कलकत्त्यात होता, गौहर जानसमोर भोंगा लावून. गौहर जान गाणं संपलं की इंग्रजीत आपलं नाव सांगायची ते आपण सगळ्यांनी ऐकलंय, पुष्कळांना वाटतं तो नखरा आहे, पण ते नाव हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी होतं, त्यांना भाषा कळत नसल्यामुळे कुठली तबकडी कुणाची हे ओळखू यावं म्हणून.

कुत्र्याची गोष्ट तर मला अजून सांगायला आवडते. निपर नाव त्याचं, ब्रिस्टलचा, १८९५ मध्ये मेला. त्याचं चित्र काढणारा फ्रान्सिस बॅरो. मूळ चित्रात निपर ऐकतोय ते मशीन नळकांड्याचं, एडिसन पद्धतीचं फोनोग्राफ होतं, त्याचा कर्णा काळा. चित्र उठून दिसावं म्हणून बॅरोला कुणीतरी सुचवलं की चकचकीत पितळी कर्णा काढ, तो मागायला तो ग्रामोफोन कंपनीत गेला, तर ओवेन म्हणाला फोनोग्राफ पुसून आमचं मशीन काढ, मी चित्र विकत घेतो. १८९९ ची गोष्ट, ५० पौंड चित्राचे आणि ५० पौंड हक्काचे. चित्राला आडवा प्रकाश पाडून बघितलं तर नव्या रंगाखाली जुनं मशीन दिसतं म्हणतात. आणि इतकं करून रेकॉर्डच्या लेबलवर तो कुत्रा इंग्लंडमध्ये आला १९०९ मध्ये, त्याआधी लेबलवर तबकडीवर पिसाने लिहिणारा देवदूत असायचा. १९१० साली कोर्टाने सांगितलं की ग्रामोफोन हा शब्द आता सगळ्यांचा झाला, कुणा एका कंपनीचा नाही, मग कंपनीचं स्वतःचं असं काय राहिलं तर कुत्रा, आणि त्याच्या खालचे ते तीन इंग्रजी शब्द, हिज मास्टर्स व्हॉइस, ज्यांवरून पुढे एचएमव्ही हेच नाव पडलं. मधली काही वर्षं तर कंपनी टाइपरायटरपण विकत होती आणि नावातच टाइपरायटर होतं, ग्रामोफोन चालेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून, १९०७ मध्ये ते नाव टाकून दिलं.

१९०७ मध्येच हेसच्या कारखान्याची कोनशिला नेली मेल्बा या गायिकेने बसवली. बाजूला रेल्वे, बाजूला कालवा, माल आणायला न्यायला सोपं. आपल्याकडे १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदाला तबकड्या छापायला सुरुवात झाली, पुढे डमडमला मोठा कारखाना झाला, आजीच्या बहुतेक तबकड्या डमडमच्या आहेत.

आता मशीनकडे परत येतो, कारण इथे एक मुद्दा आहे जो मला आधी कळला नव्हता. १९२५ पर्यंत रेकॉर्डिंग भोंग्यातून व्हायचं, गाणारा भोंग्यात तोंड घालून ओरडायचा आणि त्या हवेच्या जोरावर मेणात खाच पडायची. १९२५ ला मायक्रोफोन आला, विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं, खाचेत खालचे वरचे कितीतरी सूर यायला लागले आणि जुनी अभ्रकाच्या पडद्याची साउंडबॉक्स त्या सुरांना अपुरी पडायला लागली. मग कंपनीने गणिताने ठरवलेल्या आकाराचा कर्णा घेतला, पडदा अल्युमिनियमचा केला, आधी मोठ्या कपाटी मशीनमध्ये आणि मग तेच ज्ञान या छोट्या पेटीत कोंबलं. १०२ च्या आधीचा १०१ पण चांगला आहे, १९२५ चा, पण दोन्ही शेजारी ठेवून एकच तबकडी वाजवून बघा, १०१ वर आवाज नाकातून आल्यासारखा येतो आणि १०२ वर छातीतून. माझ्या १०२ वर ५ए साउंडबॉक्स आहे, पुष्कळांवर ५बी असते, दोन्ही चांगल्या.

१०२ आला १९३१ मध्ये, आणि ते साल या कंपनीचं काय साल होतं! त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया ही दुसरी रेकॉर्ड कंपनी एकत्र होऊन ईएमआय झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये अ‍ॅबी रोडचा स्टुडिओ सुरू झाला, एल्गार या इंग्रज संगीतकाराने स्वतः ऑर्केस्ट्रा चालवून. आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅलन ब्लूमलाइन या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनियरने स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. हेसच्या खिडकीतून दिसणाऱ्या रेल्वेगाड्यांची त्याने स्टिरिओ आवाजाची फिल्म केली होती, १९३५ ची, डावीकडून उजवीकडे गाडी जाते तसा आवाज जातो. तो माणूस १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना विमान पडून गेला, अडतिसाव्या वर्षी. एवढं सगळं त्या एका जागेत चाललेलं असताना तीच कंपनी ही विजेशिवायची चावीची पेटी बनवत होती आणि १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनवत राहिली. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं. मग मिरजेचं घर आठवलं. वीज नसलेल्या घरात, शेतावर, बोटीवर, छावणीत जिथे नेलं तिथे वाजणारं दुसरं काय होतं तेव्हा? म्हणून जवळजवळ तीस वर्षं खपला.

आवाजाबद्दल. बायको पहिल्यांदा म्हणाली आवाज कमी कर, आणि मी शोधतोय बटण कुठाय. नाहीच. आवाज कमीजास्त करायचा तो पिनेने, जाड पिन मोठा आवाज, बारीक पिन मऊ आवाज, आणि आमच्या भिंती पातळ म्हणून मी बारीकच वापरतो. बारीक पिनेवर बाईचा आवाज इतका जवळ येतो की माझ्या सात वर्षांच्या मुलीने पेटीच्या मागे जाऊन बघितलं होतं. तंबोरा जवळजवळ ऐकू येत नाही, तबल्याचा बायाँ फारसा नाही, हे खरं आहे, खालचे सूर या पेटीत कमीच, पण आवाज, सारंगी, ऑर्गन, व्हायोलिन यांना तोड नाही. त्याच तबकड्यांच्या यूट्यूबवरच्या साफ केलेल्या कॉप्या ऐकल्यात मी, खरखर काढता काढता आवाजातला श्वासही निघून गेलाय त्यातला. पेटीवर खरखर आहे पण दोन मिनिटांत कान ती बाजूला ठेवतो.

पिन मात्र प्रत्येक बाजूला नवीन. हे कंजूषपणा करायचं ठिकाण नाही, एक पिन एक बाजू, झाली की फेकून द्यायची. कारण असं की तबकडीत लाख थोडी आणि बाकी दगडाची पूड, काजळी असलं काहीबाही असतं, ती पूड मुद्दाम घातलेली, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत पिन घासून खाचेच्या मापाची व्हावी. तीन मिनिटांनी त्याच पिनेला धार आलेली असते आणि दुसऱ्यांदा लावलीत तर ती खाच कापत जाते. त्या पितळी डब्याने माझ्या दोन तबकड्या खाल्ल्या त्यात एक कारण हेही होतं, बाबांना दुकानदाराने एक पिन दहा बाजू चालते म्हणून सांगितलेलं. नव्या स्टीलच्या पिना आजही बनतात, शंभर-दोनशेच्या पाकिटात सहज मिळतात, गंजलेल्या जुन्या डब्या शोभेला ठेवा.

आणि ही लाख कुठली, तर आपलीच. छोटा नागपूरकडची, पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे करतात ती, जिच्या बांगड्या होतात ती. म्हणजे लाख आपल्याकडून निघायची, बोटीने हेसला यायची, तिथे तिच्यात कारूसो छापला जायचा, आणि डमडमला तिच्याच तबकड्यांवर आपल्या बायाबुवांची गाणी. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या, त्यात काय काय गेलं असेल याचा विचार करवत नाही.

चावी. माझ्याकडे एकदा पूर्ण भरली की एक मोठी किंवा दोन छोट्या बाजू होतात, पण मी प्रत्येक बाजूच्या आधी भरतो, स्प्रिंग सैल पडत गेली की शेवटच्या आलापाला स्वर खाली बसतो आणि गाणाऱ्याची बदनामी होते. शेवटपर्यंत कचकून आवळायची नाही, थोडा जोर लागायला लागला की थांबायचं. तबकडी संपली की ब्रेक आपोआप लागतो, तोही जुन्या आपल्या तबकड्यांवर नेहमी लागत नाही, शेवटची खाच हवी तशी आत वळलेली नसते, तेव्हा हाताने थांबवा.

स्पीड नीट लावून घ्या. वेगाचा दांडा असतो, पण त्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ७७ रेघांची चकती छापून मिळते, ती फिरत्या थाळीवर ठेवून पन्नास हर्ट्झच्या विजेवरच्या साध्या बल्बखाली बघायची, रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की झाले ७८. एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा हे दिसत नाही कारण तो तसा लुकलुकत नाही, मी त्यासाठी जुना पिवळा बल्ब जपून ठेवलाय. आणि १९२५ च्या आधीच्या तबकड्या पुष्कळदा ७८ वर नसतातच, तिथे कानाने लावायचं, ऑर्गन किंवा हार्मोनियमची पट्टी काय असेल ते धरून.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली म्हणजे साउंडबॉक्स. मागचा भाग अशा मिश्रधातूचा आहे जो जुना झाला की फुगतो, तडकतो, काढताना हातात तुकडा येतो. दुसरी, साउंडबॉक्स हाताला जिथे जोडते तिथलं रबर दगडासारखं होतं आणि मग जोरदार सुरावर पत्रा वाजल्यासारखी झणझण येते, माझा असाच होता, नवीन रबर घातलं आणि मशीन वेगळंच झालं. तिसरी, स्प्रिंगमधलं ग्रीस सुकून डांबर होतं, मग वाजता वाजता पेटीतून धप्प असा आवाज येतो. ते स्वतः उघडू नका, खरंच नका, आवळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. मी एका निवृत्त कारागिराकडे दिलं, त्यांनी ७० पौंड घेतले आणि तीन आठवडे लावले, पण काम असं की आता फिरताना कान लावला तरी ऐकू येत नाही. चौथी, वजन. नाव पोर्टेबल असलं तरी चारपाच तबकड्या आत घालून दोन जिने चढलात तर हात दुखतो. आणि यावर एलपी, ४५, प्लॅस्टिकच्या ७८, काहीही लावायचं नाही, साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, हल्लीच्या सुईचा ग्रॅम-दोन ग्रॅम, एका फेरीत एलपीची वाट लागेल.

आजीच्या सव्वीसपैकी एक विमानात फुटली, सहा फार झिजलेल्या, बाकीच्या एकोणीस वाजतात. त्यात नाटकातली पदं आहेत. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत जे पद अर्धा तास चालायचं ते तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय करावं लागत असेल, ते ऐकताना कळतं, आलाप नाही, सरळ मुखडा, दोन ताना, आणि शेवटी घाई, घड्याळाकडे बघत गायल्यासारखी. हिराबाई बडोदेकरांची एक आहे, तिच्यात घाई अजिबात नाही, तीन मिनिटांत बाई निवांत बसून गायल्यासारखं वाटतं. आणि जी. एन. जोशींची आहे. नागपूरकडचा हा वकील माणूस, ना. घ. देशपांड्यांची कविता गाऊन एचएमव्हीवर आला आणि ती तबकडी मराठी भावगीताची सुरुवात धरली जाते, पुढे तो याच कंपनीत मुंबईला नोकरीला लागला आणि कितीतरी मोठ्या गवयांची रेकॉर्डिंग त्याने केली. आजी ती हातात धरून गुणगुणायची. मला वाटायचं ती चाल तिची तिने बसवलेली आहे. पिन टेकवली, खरखर झाली, आणि तीच चाल, तीच जागा जिथे ती थोडी थांबायची. ती थांबायची कारण तबकडीत तो थांबतो. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन झाकणासमोर धरला, ते पूर्ण तीन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परत लाव रे." मी पिन बदलली आणि परत लावली.

एका रविवारी हेसला उतरून कारखाना बघायला गेलो. ब्लाइथ रोडवर, स्टेशनपासून चालत. कारखाना नाही आता, त्या जागेला ओल्ड व्हायनल फॅक्टरी नाव देऊन फ्लॅट आणि ऑफिसं केलीत, पण जुन्या काँक्रीटच्या उंच इमारती ठेवल्यात, कॅबिनेट बिल्डिंग, शिपिंग बिल्डिंग अशी जुन्या कामांची नावं ठेवलीत हे मला आवडलं. इथेच ईएमआयमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डने सीटी स्कॅनर बनवला, १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचं डोकं त्यात बघितलं, १९७९ ला नोबेल. गाण्याच्या कंपनीत! ईएमआय २०१२ मध्ये तुकडे होऊन विकली गेली, आपल्याकडची कंपनी २००० पासून सारेगामा आहे, आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एचएमव्हीचं दुकान, १९२१ साली एल्गारने उघडलेलं, २०१९ ला बंद पडलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच ३६३ नंबरला परत उघडलं. तिथे गेलात तर कुत्रा आहे, १०२ अर्थातच नाही.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा साउंडबॉक्सच्या त्या धातूचा कापला. चांगल्या स्थितीतला दीडशे ते अडीचशे पौंडांत मिळावा, त्यावर दुरुस्तीचे धरून चाला. भारतात घेणार असाल तर पोर्टेबलच शोधा, झाकणातलं चित्र आणि पट्टी मूळची आहे का बघा, आणि चकचकीत पितळी कर्ण्याचा, अष्टकोनी पेटीचा कुणी एचएमव्ही म्हणून दाखवला तर पुढे चला. बघायला जाताना स्वतःची एक साधी, फुटली तरी चालेल अशी तबकडी आणि दोनतीन नव्या पिना खिशात घेऊन जा. विकणाऱ्याला सांगा पूर्ण बाजू वाजवून दाखवा, अर्धी नाही, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाला स्वर खाली येतो का तेवढं कान देऊन ऐका. साउंडबॉक्स मात्र त्यालाच काढून दाखवायला सांगा, तुम्ही हात लावू नका.